झिग्मुंटच्या गाडीचे राष्ट्रीयत्व

हॅमट्रॅमिक, मिशिगन
३० मार्च १९९८

तीर्थरूप याद्विगाताईस बोलेस्लावचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्याचे तुझ्या कॉनराडच्या कार्डावरून कळले. (कार्डावरचे अक्षर कॉनराडचे होते, तेव्हा डोळा बरा झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा अजून यायचा आहे. दोन ओळी स्वतः लिहाव्यात.) माझी प्रकृती शहात्तराव्या वर्षी असावी तशी आहे. हालिना कुशल असून तिचा नमस्कार.

हे पत्र एकच विधान सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे, ते आरंभीच मांडतो: हालिनाचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा झिग्मुंट, याची गाडी अमेरिकन आहे. ती तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्याची धुराडी दिसतात त्या कारखान्यात बनली, हे मला ठाऊक आहे. त्याने विधानास बाध येत नाही.

प्रथम गाडीचा पूर्वेतिहास. तुमच्याकडे जर्मनीत तिचे नाव हार्टविग प्रिमुस. डॉक्टर, नोटरी आणि पोलीस ती वापरतात, आणि तिच्याविषयी कोणी कधी कविता केल्याचे ऐकिवात नाही. इकडच्या ब्युफोर्ट कंपनीला कोणीतरी पटवून दिले की, आपल्या आलिशान गाड्यांचे ग्राहक एकेक करून देवाघरी जात आहेत. तरुण ग्राहक हवेत. तरुणांना युरोप आवडतो, असेही कोणीतरी सांगितले. तेव्हा प्रिमुसच्या नाकावरचा बिल्ला काढून तिथे ब्युफोर्टचा मुकुट बसवला, आसने मऊ केली, पेले ठेवायला खाचा केल्या आणि नाव ठेवले अल्टेरा. (पहिल्या नावाचा लॅटिन अर्थ ‘पहिला’, दुसऱ्याचा ‘दुसरी’. एवढा प्रामाणिकपणा कंपनीने अजाणतेपणीच दाखवला असावा.) जाहिरातीत मुकुट घातलेली एक खार बॉनेटवर नाचत असे. ती पाहून एकही तरुण फिरकला नाही. झिग्मुंट मात्र गेला. त्याचे वय एकोणसत्तर.

झिग्मुंटने ब्युफोर्टच्या कारखान्यात छत्तीस वर्षे दारे बसवली. त्यांतली एकही गाडी त्याची नव्हती. निवृत्तीनंतर मुकुटाची गाडी घ्यायची, हा त्याचा संकल्प होता. गाडी आली त्या दिवशी त्याने रस्त्यावर उभे राहून तिचे दार अकरा वेळा उघडले आणि मिटले. (हालिनाने मोजले.)

आता वादाचा विषय. इथल्या युनियनच्या हॉलच्या पार्किंगवर पाटी आहे: परदेशी गाडी उभी केल्यास ओढून नेली जाईल. ही पाटी शोभेसाठी नाही. गेल्या वर्षी एका नवऱ्या मुलाची जपानी गाडी लग्न चालू असताना नेली, आणि नवरी युनियनची असल्यामुळे तिने टाळ्या वाजवल्या. याच पार्किंगमधली दारासमोरच्या उतारालगतची पहिली जागा झिग्मुंटच्या नावाची आहे. छत्तीस वर्षांच्या चाकरीचा तो मान. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले असल्याने ती जागा गेली तर शुक्रवारचे जेवण गेले, पत्ते गेले, माणसे गेली. हे प्रकरण त्याच्या दृष्टीने काय होते, ते यावरून ध्यानात यावे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे सहा मार्चला, सारे जण मांसाऐवजी तळलेले मासे खात असताना पार्किंग समितीच्या अध्यक्षा लुएला ग्रिग्स यांनी झिग्मुंटच्या गाडीच्या दाराच्या कडेवर चिकटवलेली पट्टी वाचली. त्यावर जुळणीचे स्थळ म्हणून जर्मनी असे छापलेले होते. लुएलाबाईंनी अठ्ठावीस वर्षे आसने शिवली आहेत आणि कुठलाही टाका त्या उसवल्याशिवाय सोडत नाहीत. समितीने सात दिवसांची मुदत दिली: गाडी अमेरिकन असल्याचे सिद्ध करा, नाहीतर गाडी जाईल आणि जागाही. वाद मिटेपर्यंत गाडी हलवायची नाही.

झिग्मुंट माझ्याकडे आला. “दाजी, तुम्ही चाळीस वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवलंत. एकदा तरी ते कामाला येऊ द्या.” विधान उद्धट होते, पण खोटे नव्हते. मी वकीलपत्र घेतले, गुरुवारी गाडीची बारकाईने तपासणी केली आणि शुक्रवारी पार्किंगमध्ये, गाडीशेजारी, समितीपुढे उभा राहिलो. साऱ्या हॉलने कागदी ताटल्या हातात घेऊन कडे केले होते.

माझा युक्तिवाद असा होता. या गाडीचे इंजिन इंग्लंडचे, गिअरबॉक्स फ्रान्सची, अंग जर्मनीचे. तिने येताना जुने नाव बंदरावर टाकले आणि इथे नवे, उच्चारायला सोपे नाव घेतले. ज्याचे अवयव तीन देशांतून आले, ज्याला मूळ नाव सांगायची लाज वाटते आणि ज्याच्या कपाळावर मुकुट आहे, त्यास अमेरिकन म्हणायचे नसेल, तर या हॉलमध्ये अमेरिकन कोण आहे? कोणीतरी “आमेन” म्हणाले.

लुएलाबाई म्हणाल्या, “प्रोफेसर, बोललात झकास. आता मला सांगा, माझ्या सुनेची जपानी गाडी केंटकीत बनते. आपल्याच पोरांच्या हातची. ती आपण दोनदा ओढून नेली. का?”

“नाव परदेशी म्हणून,” मी म्हणालो.

“म्हणजे नाव बघायचं, जन्म नाही?”

“तंतोतंत.”

“मग उद्या सुनेच्या गाडीवर मी झिगीचा मुकुट चिकटवला तर चालेल?”

(ताई, हा प्रश्न चाळीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.) मी उत्तराची मांडणी करीत होतो, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली. “झिगी, इकडे ये. दार लाव, आणि देवाला स्मरून सांग, हे कुणी बसवलंय.”

मी हरकत घेतली. साक्षीदारास स्वतःविरुद्ध बोलण्यास भाग पाडता येत नाही. झिग्मुंटने ऐकले नाही. त्याने दार उघडले, मिटले, कान लावला. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. त्याचे डोळे भरून आले होते.

“आपल्या माणसानं नाही बसवलं, लुएलाबाई,” तो म्हणाला. “फार चांगलं बसलंय. आपल्याकडं असं छत्तीस वर्षांत दोनदा जमलं. दोन्ही वेळा चुकून.”

खटला तिथेच हरल्यात जमा होता. लुएलाबाईंनी खाली पाहून सांगितले, “जा बाबा, गाडी काढ. ओढून न्यायला नको लावूस.” झिग्मुंट आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन घरघरले, पण गाडी सुरू होईना. पुन्हा तेच. बॉनेट उघडले गेले आणि मिळून काही हजार वर्षांचा अनुभव आत वाकला. दुर्दैवाने कारखान्यात प्रत्येकाने जन्मभर एकच काम केलेले. डावा मागचा दिवा बसवणाऱ्याने डावा मागचा दिवा तपासून तो उत्तम असल्याचे जाहीर केले. काच बसवणाऱ्याने काचेची ग्वाही दिली. वायपरवाल्याने दोन्ही वायपर चालवून दाखवले. गाडी ढिम्म. अर्ध्या तासाने गर्दीतून आवाज आला, “आता कशी घरची वाटते!” सारा हॉल हसला. हसण्याने माणसे मऊ होतात, हे माझ्या शास्त्रात कुठे नोंदलेले नाही. समितीने मत घेतले. दोन विरुद्ध एक अशा मतांनी, वर्तनावरून, गाडी अमेरिकन ठरली. विरोधी मत लुएलाबाईंचे.

विधान सिद्ध झाले आहे. गाडी तेव्हापासून पहिल्या जागेवर उभी आहे. झिग्मुंट रोज दुपारी त्याच गेलेल्या गुडघ्यांनी घरून पायी, दोन वेळा थांबून, तिथपर्यंत जातो आणि आत बसून दार लावतो.

कॉनराडला व मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझा,
बोलेस्लाव

ता. क. कॉनराड कारखान्याच्या सुट्या भागांच्या कोठारात असतो, म्हणून एक किरकोळ काम. इंधनाच्या पंपाला वीज देणारी काळी डबी, काड्यापेटीएवढी, फ्यूजच्या पेटीत दुसऱ्या ओळीत उजवीकडे असते, ती एक पाठवावी. इकडे मिळत नाही. तिच्यावरची जर्मन अक्षरे खरवडून काढावीत आणि पुडक्यावर ‘मुरांबा’ असे लिहावे.

ता. क. २. गाडी सुरू झाली की लुएलाबाई प्रकरण पुन्हा उघडणार, असे त्यांनी मला स्वच्छ सांगितले आहे. तेव्हा चालत्या गाडीत खडखडेल असा एखादा निरुपद्रवी भागही कॉनराडने सुचवावा. दारात मात्र नको.

ता. क. ३. वर ‘गाडी सुरू होईना’ असे लिहिले, ते अपुरे आहे. गुरुवारी तपासणी करताना समितीच्या नजरेस जर्मन अक्षर पडू नये म्हणून मी ती डबी उपटून कोटाच्या खिशात टाकली. तिचे काम काय, हे परवा वाचनालयातल्या पुस्तकातून कळले. तोवर हालिनाने कोट चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला दिला होता. झिग्मुंट सर्वांना सांगतो की दाजींच्या बुद्धीने त्याची जागा वाचली. त्याला यातले काही कळवू नये. डबी उपटणे ही माझी चूक होती, ती मी मान्य करतो. उरलेला युक्तिवाद निर्दोष आहे.

(सही) बोलेस्लाव झारेंबा