मालिश नाही

११ डिसेंबर २००९

आज क्लिनिकच्या मशीनमध्ये ट्यूब फुटली. रक्त फिरवायच्या मशीनमध्ये एका बाजूला रक्ताची ट्यूब ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची ठेवावी लागते. मी ठेवली नाही. मशीन टेबलावर चालत चालत भिंतीपर्यंत गेलं. लोंढे डॉक्टर म्हणाले, "चिराग, कॉलेजही असंच सोडलंस का?"

नाही. कॉलेज सोडलं कारण प्रॅक्टिकलला सर म्हणाले बाहेर हो, आणि मी झालो. परत गेलो नाही. दीड वर्ष झालं.

वही मराठीत लिहितोय. गुंजन माझं सगळं वाचते, पण मराठी ती फक्त बोलते; वाचायचं म्हटलं की दोन ओळींत कंटाळते. बहिणीला हिंदी शाळेत घातल्याचा हा एक फायदा.

१४ डिसेंबर

देवश्री आली. क्लिनिकमध्ये — पेशंट म्हणून.

आमच्याच कॉलनीतली, मागच्या ओळीतली. मी चार वर्षांपासून तिच्यावर मरतो. तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. विचारलं की म्हणते, "बघू." अजून बघतेच आहे.

खो-खो खेळते. आठ महिने गुडघा दुखतोय — वाटीच्या खाली, जिथून ती उठताना जोर घेते तिथेच. २२ फेब्रुवारीला भोपाळला रेल्वेची चाचणी आहे, खेळाडूंच्या कोट्यातली. निवड झाली की नोकरी, आणि पोस्टिंग जबलपूर. म्हणजे तिच्यासाठी आमचं देवास संपलं.

डॉक्टरांनी समजावलं. तिचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, लाल भाग खाली बसतो, वरचा पिवळा भाग घेऊन दुखऱ्या शिरेत — म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत — सोडायचा. त्यातल्या प्लेटलेट दुरुस्तीचं काम सुरू करतात. शरदकाका, तिचे वडील, म्हणाले, "रक्त तिचं, गुडघा तिचा, मग यात औषध कुठलं?" डॉक्टर म्हणाले, "तेच तर." मग म्हणाले, "काहींना गुण येतो, काहींना नाही. इकडे नवीन आहे. मी वचन देणार नाही."

मला हा माणूस आवडतो. फार सांगत नाही.

१७ डिसेंबर

देवश्रीचं तीस मिली रक्त आज माझ्या हातात होतं. चार वर्षांत एवढी जवळीक पहिलीच. ट्यूबवर नाव तीनदा तपासलं. पाण्याची ट्यूब ठेवली. मशीन जागचं हललं नाही.

सुई आत गेली तेव्हा तिने माझ्या शर्टाची बाही धरली. दुसऱ्या कोणाची जवळ नव्हती, ते सोडा.

पथ्याचा कागद इंग्रजीत आहे. तो हिंदी-मराठीत समजावणं हे माझं काम. समजावलं — पहिले तीन-चार दिवस दुखणं वाढेल, घाबरायचं नाही. सूज उतरवायच्या गोळ्या नाहीत. शेक नाही. मालिश अजिबात नाही. रोज सांगतो, झोपेतसुद्धा सांगेन.

१९ डिसेंबर

दुखणं वाढलं. वाढणारच होतं. तिच्या घरी गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. डॉक्टर शनिवार-रविवारी इंदूरला घरी असतात; तिकडे फोन लावला. "अपेक्षित आहे. सोमवारी मी आहेच." सोमवारला दोन दिवस होते. मी म्हणालो, तुमचा गुडघा असता तर? आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

नलिनीकाकू, तिची आई, माहेरच्या धारच्या. म्हणाल्या, "आमच्या फत्तेसिंग पहलवानाचा हात लागला असता तर एव्हाना पोर उभी राहिली असती. माझ्या थोरल्या बंधूंचा खांदा त्यांनीच बसवला." धारला कोणाचंही काही मोडलं की आधी पहलवान, मग दवाखाना.

मी म्हणालो, उद्या रविवार आहे, नेतो. डोकं गरम असलं की मी फार लवकर हो म्हणतो.

२० डिसेंबर

गेलो. काकू, देवश्री आणि मी. इंदूरला बस बदलली. तिचा पाय माझ्या बॅगेवर लांब करून ठेवला होता.

घाटाबिल्लोदच्या पुढे काकूंना डुलकी लागली. देवश्री हळूच म्हणाली, "चालेल ना रे? तू तर म्हणाला होतास मालिश नाही."

मी म्हणालो, "ते घरच्या मालिशबद्दल आहे. हे जाणकार आहेत."

कागदावर असं काही नाही. मी ते तिथेच बनवलं, बसमध्ये.

पहलवान ओट्यावर बसले होते, समोर वीसेक माणसं. "कंई हुयो, बेटी?" खेळताना लागलं, मी सांगितलं. इंजेक्शनचं सांगितलं नाही — ते इंजेक्शनवाल्यांना हात लावत नाहीत, असं काकूंनी वाटेतच सांगितलं होतं. त्यांनी कोमट तेल घेतलं, अंगठा बरोबर त्याच जागी ठेवला आणि दाबला. "गांठ है. दांत भींच ले." देवश्रीने दात आवळले, पांढरी पडली. मी समोर उभा. थांबा म्हणायला एक शब्द लागतो. पहलवान मला म्हणाले, "भिया, पैर पकड़ो." मी पकडला.

परतताना तिने पाय माझ्या बॅगेवर ठेवला नाही.

मी का बोललो नाही, हे इथे तरी लिहावं. तिने बरं व्हावं असं मला वाटत होतं. तिने जबलपूरला जावं असं वाटत नव्हतं. अंगठा दाबला गेला तेव्हा दोन्हींतलं कुठलं वाटत होतं, ते मला सांगता येत नाही.

२४ डिसेंबर

गुडघ्यावर सूज. डॉक्टरांनी तपासलं, कपाळाला आठ्या. "मालिश वगैरे केली होती का?"

देवश्रीने माझ्याकडे पाहिलं. काकू पदराशी चाळा करत होत्या.

मी म्हणालो, "नाही सर. मी स्वतः कागद समजावला होता."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं — मालिश नाही.

५ जानेवारी

व्यायाम सुरू. उतरत्या फळीवर दुखऱ्या पायावर उभं राहून सावकाश खाली जायचं, पंधरा वेळा. मोजायचं काम माझं. ती खाली जाते तेव्हा ओठ चावते. मी मुद्दाम हळू मोजतो असं ती म्हणाली. हळूच मोजायचं असतं. पण मुद्दाम पण.

१३ जानेवारी

रोज अर्धा तास. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण मिळालं नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ दिला तिने. हातावर ठेवला. गोड बोल असंसुद्धा म्हणाली नाही.

२८ जानेवारी

सोनोग्राफी झाली. दोरीत बारीक चीर आहे. इंजेक्शनच्या आधीच्या फोटोत नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. मग म्हणाले, "भोपाळ विसर, बेटा. यंदा नाही."

देवश्री रडली नाही. "बरं" म्हणाली. बूट घातले, नाड्या नीट बांधल्या, गेली.

ती आता देवासलाच राहणार. मला हेच हवं होतं म्हणे.

१ फेब्रुवारी

बळवंतराव आले. रिटायर्ड पीटी मास्तर, कोपर धरून. दोन महिने या इंजेक्शनसाठी थांबलेत, आज तारीख मिळणार होती. डॉक्टर म्हणाले, "जरा थांबू या, मास्तर. एका मुलीला दिलं, सगळं पथ्य पाळलं तरी बिघडलं. माझंच काही चुकतंय का, बघतो."

मास्तर म्हणाले, "अहो, मग माझं सरकारी कोपर आहे, थांबेल की."

सगळे हसले. मी ट्यूब धूत होतो. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

२ फेब्रुवारी

नळावर देवश्री भेटली. हातात पथ्याचा कागद. सायबर कॅफेत बसून एकेक शब्द शोधला होता, वर पेन्सिलने अर्थ लिहिलेले.

"घरची मालिश आणि पहलवानाची मालिश — हे यात कुठे आहे, दाखव."

मी कागदाकडे पाहिलं. जणू काही असेलच.

"मी आईला नाही म्हणू शकत होते," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारू शकत होते. मी तुला विचारलं. कारण तुला माहीत होतं."

मी म्हणालो, मला तुझं रडणं बघवत नव्हतं.

"आणि माझं जाणं?"

बादली भरून वाहत होती. तिने नळ बंद केला आणि गेली. बादली माझी होती.

४ फेब्रुवारी

डॉक्टरांना सगळं सांगितलं. धार, तेल, अंगठा, पाय मी धरला होता ते, आणि बसमध्ये काय बोललो तेही. मला वाटलं ओरडतील. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, भांडण झालं की मला बरं वाटतं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "चीर मालिशने पडली की पडणारच होती, हे मला आता कधीच सांगता येणार नाही. तेवढं तू माझ्याकडून घेतलंस. तिच्याकडून काय घेतलंस ते तुझं तू बघ."

मग केसपेपर काढून 'नाही' शब्द खोडला आणि वर तारीख घालून सही केली. बळवंतरावांना फोन लावला — पुढच्या गुरुवारी या.

मला म्हणाले, "क्लिनिकची किल्ली टेबलावर ठेव."

२२ फेब्रुवारी

आज भोपाळला चाचणी. सकाळी तिच्या घरावरून गेलो. ती अंगणात खुर्चीला धरून एका पायावर सावकाश खाली जात होती. स्वतःच मोजत होती. माझ्यापेक्षा हळू.

१४ मार्च, धार

मामाकडे आहे. मांडूच्या गाड्यांच्या स्टँडवर सवारी गोळा करायला ओरडतो. आवाज आहे, तेवढं पुरतं.

गुंजनचा फोन आला. डॉक्टरांनी माझ्या जागी देवश्रीला ठेवलं. पुढची चाचणी होईपर्यंत. पेशंटला सगळं दोन-दोनदा समजावते म्हणे. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली?

"बोलली ना," गुंजन म्हणाली. "दादा देवासला येणार असला की आधी कळव. त्या दिवशी ती सुट्टी घेईल."