हुलग्याचं कढण आणि स्कूटर

अप्पा, तुमच्या मूतखड्याने मला चांगलंच फसवलं. इंजिनात संडास नाही म्हणून ड्यूटीवर तुम्ही घोटभर पाणी प्यायचा नाहीत. मग इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आडवे पडून विव्हळायचात आणि आई हुलगे उकळत ठेवायची. घरभर तो उग्र वास. अर्धा पेला माझ्याही हातात यायचा, "पी गं, खडा होणार नाही." मी तोंड वाकडं केलं की दुखण्यातही तुम्ही ओरडायचात, "ड्रायव्हरची पोर ना तू? मग पी गुमान!"

तर गेल्या उन्हाळ्यात लघवी लाल झाली, तेव्हा मी काय केलं असेल? राजा पार्कच्या बाजारात जाऊन हुलगे आणले. घरचाच आजार, त्याला डॉक्टर कशाला! शिवाय दुखत अजिबात नव्हतं. मला वाटलं, मी तुमच्यापेक्षा दणकट. जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी एकटी उभी राहून रोज कढण प्यायचे. रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. डॉक्टर वैतागून म्हणाले, "दर्द नहीं था, इसीलिए तो जल्दी आना था."

दुर्बिणीने आतल्या गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट लवकर येईना, तुकड्याला निरनिराळे रंग लावून तपासत होते म्हणे. मूत्राशयाचाच कॅन्सर, पण नेहमीचा नव्हे. शरीरात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी असतात, त्या जातीचा. भराभर पसरणारा, क्वचितच कुणाला होणारा. मेली लॉटरी कधी लागली नाही, हे बरं लागलं! म्हणून आधी केमो. केस गेले, चव गेली. गाठ आक्रसलीय, दुसरीकडे कुठे काही दिसत नाही. आता मूत्राशय काढायचं, पोटावर लघवीची पिशवी येईल. तिचं मी बघून घेईन. पण सोबत माणूस असल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत, आणि तुमच्यामागून आईही गेली. ह्या एका गोष्टीने माझी झोप उडालीय.

केमोला पहिल्या दिवशी नर्सने विचारलं, "साथ में कौन है?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पापा हैं. स्कूटर लगा रहे हैं." मग दरवेळी तेच. तीही भली बाई, कधी बाहेर डोकावली नाही. आज मात्र म्हणाली, "कल पापा को अंदर भेजना, डॉक्टर साहब बात करेंगे." मी मान हलवून आले.

ऑफिसातली एक मैत्रीण जवाहर नगरला राहते. तिला यातलं काहीच माहीत नाही. सांगितलं तर शिव्या घालत धावत येईल. घरी आल्यापासून तिचा नंबर काढून बसलेय, पण ती आली म्हणजे नर्सला सांगावं लागेल, तुम्ही नाही आहात म्हणून.

लावते फोन. हा कागद उशीखाली राहू दे, टाकायचा तरी कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं, अप्पा. खोटं मीच बोलले होते, तरी सलाईन चालू असताना दार वाजलं की दरवेळी मान वळवून बघायचे, तुम्ही आलात का.