इतरचा रकाना

४ एप्रिल १९८८

आले एकदाची! पिंप्राळ्याची सुनंदा आता खडकवणच्या उपकेंद्राची नर्सबाई. एसटीतून उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ, की आईनेही ओळखलं नसतं. गाव मात्र लाखात एक. समोरच्या घरातले गिरधरभाऊ धावत आले, ट्रंक खांद्यावर घेतली, माझी ढिली खाट ताणून दिली आणि दूध आमच्याकडूनच घ्यायचं, असं दटावूनही गेले. त्यांच्या बायकोने, इंदिराबाईने, दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण ताट पुसून खाल्लं.

ताट घेऊन आली ती त्यांची थोरली, सुपडी. सहा वर्षांची असेल. हिच्या आधीची भावंडं गेली, म्हणून ही जगावी यासाठी जन्मल्या जन्मल्या सुपात घातली, म्हणून सुपडी. धाकटी भिकी सारखी हिच्या कडेवर. मला बघून ती 'सुई, सुई' म्हणून ओरडली. चांगलंच बारसं झालं माझं.

१२ एप्रिल

लसीकरण आटोपलं. ताईबाई, इथली म्हातारी दाई, मदतीला असते म्हणून बरं.

दुपारी खिडकीतून समोरच्या खळ्यात सुपडी दिसली. गुरांच्या खुंट्याला दाव्याने हात बांधलेला, डोक्यावर रणरणतं ऊन. दूध सांडलं म्हणे. मी विचारलं तर ताईबाई म्हणाली, "पोर आयकत नही म्हनीसन बाप शिक्षा करस. आपले काय?" मलाही शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं, मेले थोडीच! झळा येत होत्या, मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी गिरधरभाऊंनी दूध आणलं, नेहमीसारखं मापावर आणखी एक धार सोडून. मी चहा केला. ते हसून बोलत होते, मीही हसत होते.

२१ एप्रिल

सुपडी गेली.

इंदिराबाई तिला उचलून धावत आली, तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं. ओठ फुटलेले, मनगटावर दाव्याचा काळानिळा वळ. पाणी घातलं ते ओठांतून परत ओघळलं. सकाळपासून खुंट्याला होती. मी समोर, दहा पावलांवर, खिडकी लावून बसले होते. मला ऊन लागतं म्हणून.

२९ एप्रिल

बालमृत्यूंचा अहवाल द्यायला आरोग्य केंद्रात गेले. कारणांचे रकाने छापलेलेच असतात: जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, उष्माघात, शेवटी 'इतर'. मी 'इतर'मध्ये लिहिलं होतं, बापाने उन्हात बांधून ठेवल्यामुळे.

डॉक्टरसाहेब रागावले नाहीत, तेच वाईट झालं. खुर्ची दिली. 'इतर' भरलं की पोलीस आले, चौकशी आली, आणि तुम्हाला एकट्या बाईमाणसाला त्याच गावात राहायचंय, म्हणाले. उष्माघात लिहा, त्यात खोटं काय आहे? खोटं काहीच नव्हतं. त्यांनी कोरा तक्ता पुढे केला. मी उष्माघाताखाली एक आकडा मांडला आणि सही केली.

परतताना एसटीत मला हलकं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

५ मे

दुपारी माठ रिकामा. ताईबाईने सकाळीच काठोकाठ भरला होता. माठ फुटलेला नाही, खालची जमीन कोरडी. मला मात्र दिवसभर घशाला कोरड. कितीही प्याले तरी जात नाही.

९ मे

ती येते. भर दुपारी. उंबऱ्यात उकिडवी बसते आणि माठाकडे बघते. आज धीर करून तांब्या पुढे केला. प्यायली. पाणी ओठांतून परत ओघळलं, त्या दिवशीसारखंच.

ती गेल्यावर उंबऱ्यावर पाय ठेवला. पोळला.

१४ मे

गिरधरभाऊ दूध घेऊन आले, तिच्या अंगावरूनच आत आले. त्यांना दिसली नाही. मला पाप दिसतं, त्यांना दिसत नाही — हा कुठला न्याय?

साहेबांचा निरोप आला. अहवाल उत्तम, 'इतर' कोरा, तालुक्याच्या बैठकीत कौतुक झालं.

माझ्या मनगटावर वळ उठलाय. ताईबाईने पाहिला.

१७ मे

ताईबाई धापा टाकत आली. "बाई, धाकलीले बी खुटाले बांधेल शे."

भिकीला. सुपडीला शोधत रडत होती म्हणून. इंदिराबाई आतून कडी लावून बसलीय. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं ऐकेल तो, म्हणते ताईबाई. दारात उभी आहे, माझी वाट बघत —

खिडकी उघडली. दिसते आहे.

पोलिसांकडे जावं तर — विचारतील, मग थोरलीचं काय लिहिलंत? सही माझी. सोडवायला जावं, तर गिरधर म्हणेल, तेव्हा कुठे होतात बाई —

ताईबाई एकटीच गेली. बहुतेक मला शिव्या देत.

सुपडी उंबऱ्यात आहे. तिने वाट अडवली, असं लिहिणार होते. खोटं. ती बाजूला सरकलीय. वाट मोकळी आहे, आणि ती माझ्याकडे बघते —

भिकीची मान खाली —

तांब्या भरलाय. शेजारीच आहे. जाते. एवढी ओळ संपली की उठ