उतावळ्या भाषेतली पुडी

प्रिय हळूबाई,

जमलं! परवा दुपारी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तुझी ती न संपणारी यादी माझ्या मशीनवर चालली. एकपासून पुढचे सगळे आकडे तिच्यात आहेत. मी दहा मागितले, तिने दहाच दिले आणि गप्प बसली. मी खुर्चीवरून उठून असा ओरडलो की मालकांना वाटलं, शॉक बसला. ते मला गिऱ्हाइकांसमोर 'आमचे अर्धे इंजिनिअर' म्हणतात. त्यांना यातलं काय सांगणार, कपाळ! म्हणून तुला सांगतोय.

लॅबमध्ये खिडकीजवळच्या मशीनवर आपण दोघं बसायचो, आठवतं? प्रोग्राम लिहायची आपली ती भाषा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं तू म्हणायचीस. प्रोग्राममधल्या एखाद्या फंक्शनच्या हाती काही द्यायचं म्हटलं की आधी ते सगळं मोजून मोकळी होते. 'एक, आणि पुढची यादी' एवढं लिहिलं की पुढची यादी मोजायला धावते, मग तिच्या पुढची, तिच्याही पुढची, आणि मेमरी संपली की तोंडावर आपटते. तू म्हणालीस, अरे, पुढचं सगळं पुडीत बांध. पुडी म्हणजे काहीही न घेणारं छोटंसं फंक्शन, कुणी हाक मारली तरच कामाला लागणारं. मी अतिशहाणा. पुडी बांधणारं एक वेगळंच फंक्शन लिहिलं आणि यादी त्याच्या हाती दिली. पुन्हा आपटलं. मीही टेबलावर मूठ आपटली, आणि तू हसत सुटलीस. म्हणालीस, बाशिंगराव, त्याच्या हाती जाईपर्यंत सगळा माल मोजून झालेला असतो, मग ते बिचारं पुडी कशाची बांधणार? जिथे लिहितोस तिथेच बांध ना.

तेव्हापासून मी बाशिंगराव, आणि नाव मी राखलंही. सर सगळ्यांदेखत म्हणाले की हा प्रोग्राम तू हिचा बघून उतरवलायस, आणि माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते तू ऐकलंच आहेस. सोमवारी माझ्यावर शिस्त समितीची बैठक होती. तू जिन्यात माझी बाही धरून म्हणालीस, अजून त्यांनी काढलंय कुठे तुला, सोमवारपर्यंत थांब. मी शुक्रवारीच कॉलेज सोडायचा अर्ज देऊन आलो. सोमवारी समितीने नुसती ताकीद देऊन विषय मिटवला होता. ते सांगायला तू फोन केलास, तो मी उचलला नाही. तू काय बोलणार हे मला माहीत होतं ना! घरी बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते तिला म्हणतात, त्याला विचार, पंखा बंद करू का.

एक भाग मात्र तुझ्याशिवाय करावा लागला. पुडी दर वेळी उघडली की पहिल्यापासून मोजत बसायची, मशीन रडकुंडीला यायचं. मग पहिल्यांदा आलेलं उत्तर मी पुडीतच ठेवून दिलं. आता पुन्हा कितीही वेळा विचारा, तेच मिळतं. हे चाललं आणि आनंदाच्या भरातच मी फोन काढून तुझा निरोप पुन्हा वाचला.

निरोप काय, तर 'रविवारी येतेय. समोर बसून बोलायचंय.' बस, एवढंच. तेव्हापासून मी पुढचं पुढचं मोजतोय. तुला लांब कुठे नोकरी लागली. तुझं लग्न ठरलं. तो चष्मेवाला आहे, शांत आहे, कधी मूठ आपटत नाही. तुमची मुलगी शाळेत जाते, आणि तुला माझं नाव पटकन आठवत नाही. इथवर आलोय, आणि अजून रविवार उजाडायचाय. हातातून स्क्रू सुटतात, मालक ओरडतात, मला हे थांबवता येत नाही गं. तू मला आवडतेस हे मी तुला कधी सांगितलंच नाही, कारण तुझं 'नाही' मी स्वतःच मोजून ठेवलं होतं. आता विचारायचं तर उत्तर एकदाच मिळणार आणि मग तेच राहणार. म्हणून हे पत्र. रविवारी आलीस की दारातच काही सांगून टाकू नकोस. आधी बस, पाणी पी. मी विचारीन. माझ्या तोंडातून शब्द फुटायला वेळ लागेल, तेवढं थांब. तुला थांबता येतं.

तुझाच
(बघ, हेही तू काही म्हणायच्या आधीच लिहून टाकलं)
बाशिंगराव