अ‍ॅम्प्लिफायरमधली शिट्टी

अकोला, मंगळवार, दिवेलागणीनंतर

थकलो आज. एवढे दिवस खपून बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर दुपारी पहिल्यांदा सुरू केला. आवाज स्वच्छ वाटला. बाळापूरहून युसुफभाई मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांनाही हाच नाद. पण ते गाणं सोडून माझ्याकडेच पाहत राहिले.

"वकीलसाहेब, बारीक शिट्टी वाजून राहिली ना. तुमाले नाही येत ऐकू?"

मला शिट्टी ऐकूच येत नव्हती. बायकोला, सुषमाला, हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "येते तर! मले वाटलं, तुमच्या मशिनी अशाच वाजतात."

म्हणजे आधीच्यांतही शिट्टी होती? वयानं बारीक आवाज आधी जातात, हे ठाऊक होतं. पण माझे? उभा जन्म याच कानांवर भरवसा ठेवला.

युसुफभाई गेल्यावर सुषमा स्पीकरला कान लावून बसली. मी एकेक तार हलवत होतो.

"हाये... अजून हाये..."

इनपुटची तार आउटपुटपासून दूर सरकवली, तशी ती हसली. "गेली!"

मला ती आधीही ऐकू येत नव्हती, आत्ताही नाही. तिच्या शब्दावर तार तिथंच पक्की केली.