खिळा आणि फरशी

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.
मिस्त्रींची वाट बघत जिन्यात बसून लिहितोय. ती हो म्हणाली! म्हणजे भेटायला हो, बाकीचं पुढे. गेल्या महिन्यात ज्या वाचनालयाची फरशी आम्ही बसवली, तिथे ती पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते. काल चार वेळा घोकून विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?" ती म्हणाली, "आधी रविवारी भेटू. संग्रहालयात, वरच्या मजल्यावर, आधुनिक कलेच्या दालनात."
ताई म्हणते, "परीक्षाच आहे बघ. आठवीत शाळा सोडलीस ना, भोग आता!"

गुरुवार, ५ मार्च
कामावरून परस्पर संग्रहालयात गेलो. आधी अभ्यास केलेला बरा. एका भिंतीवर पांढरा कॅनव्हास. नुसता पांढरा! डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. वाटलं, अस्तर मारून रंगारी जेवायला गेलाय.
समोरच्या भिंतीवर एक खिळा. खाली पाटी — 'इथे जे होते ते'. काय होतं? पहारेकरी मामांना विचारलं. "आठ वर्षं इथे उभा आहे, बाळा. खिळाच होता."
हसू आवरेना. पण घरी आलो आणि दाराजवळ बाबांचा शर्ट अडकवायचा खिळा दिसला. बाबा गेले, घराला रंग दिला, तरी आईने तो काढू दिला नाही.

शनिवार, ७ मार्च
आज पुन्हा गेलो. जमिनीवर चौकोनी लोखंडी पत्रे, एकाला एक लावून. हे मात्र आपलं खातं! गुडघे टेकले, नजर लावली, पोकळ लागतंय का म्हणून ठोकून पाहिलं. मामा धावत आले.
"अरे, कला आहे ती!"
"लेव्हल चांगली आहे," मी म्हटलं.
"हात लावायचा नाही. चाललं तर चालतं." पाटीवरही तसंच लिहिलंय. हात नको, पाय चालतो! उद्या मी बोलू काय?

रविवार, ८ मार्च
पाठ केलेलं सगळं विसरलो. खिळ्यासमोर फक्त बाबांच्या शर्टाचं सांगितलं. ती वळून पुढे चालू लागली. संपलं, म्हटलं.
मग ती त्या पत्र्यांवर चढली, थेट मधोमध. मी आपला कडेने. "ये ना!" — इतका वेळ अहो-जाहो होतं! पाय उचलेना. तोंडातून निघून गेलं, "नव्या फरशीवर पाय ठेवू नये. खाली सिमेंट ओलं असतं, हलते." लोखंडाखाली कसलं सिमेंट! ती इतकी हसली की मामा डोकावून गेले.
"तुम्हाला हे सगळं कळतं?" मी विचारलं.
"छे! वाचनालयात सगळे कान टवकारून बसतात. इथे कुणी फिरकत नाही, म्हणून बोलावलं."
आणि मी खिळ्याचा अभ्यास करतोय!
निघताना म्हणाली, "आईशी बोलते, मग कळवते." कळवते म्हणजे काय? ताईला विचारलं. "कळवते म्हणजे कळवते! जेव आता."

मंगळवार, १० मार्च
निरोप नाही. मिस्त्री म्हणाले, "दोन फरशा वाकड्या बसवल्यास. आज नुसता माल कालव."

बुधवार, ११ मार्च
दुपारी एका नव्या स्वयंपाकघरात शेवटची फरशी दाबत होतो. वर पाहिलं तर दारात ती! मिस्त्रींना पत्ता विचारून आलेली; चपला हातात, उंबऱ्याच्या बाहेरच उभी.
"वाळली का?"
"नाही. उद्या."
"मग उद्याच येतो आम्ही. आईला जावयाचं काम बघायचंय."