तुमच्याकडचं दुखणं

१२ डिसेंबर २०२४

सुनेला अंग खाली येतंय म्हणे! सोनमला. पाटी उचलली की मऊ गोळ्यासारखं काहीतरी बाहेर येतं. पहिलंच बाळंतपण, पोरगं अजून पालथंही पडत नाही, आणि ही कांद्याचं रोप उपटायला वाकली की कमरेवर हात. आजकालच्या पोरींत दम म्हणून नाहीच.

मला वीस वर्षं झाली. कुणाला कळू दिलं? सकाळी आत ढकलायचं, फडकं घट्ट बांधायचं, कामाला लागायचं. पण माझं कष्टाचं आहे. विहिरीवरचे हंडे, उसाच्या मोळ्या, तीन बाळंतपणं. हिनं काय वाहिलं — मोबाईल?

१३ डिसेंबर

गिताबाईला फोन केला. सर्जाची, माझ्या धाकट्या भावाची बायको, आता विहीणही. परकं रक्त घरात नको म्हणून मीच हट्टानं भावाची पोरगी सून करून आणली. गिताबाई तिच्याबरोबर येणार हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

बाळंतपण केडगावला, तिच्याच हाताखाली झालं. विचारलं, पोट बांधलं होतं का नीट, का नुसतं पातळ गुंडाळलं? म्हणे, "वन्सं, सव्वा महिना खाटंवरनं खाली उतरू दिली न्हाई ओ." मग काय, खाटेवर बसून बसूनच सैल पडली.

१४ डिसेंबर

गरम पाण्याच्या पिशवीवर बसलीय. महाराणी!

१७ डिसेंबर

माझा लेक दत्ता तिला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. रांजणगावला कंपनीत सुट्टी टाकून! ह्यांनी माझ्या एकाही बाळंतपणाला बांध सोडला नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, काही बायकांच्या अंगातले आधाराचे धागे जन्मतःच कमी बळकट असतात. रक्तातून येतं. ओझं, जड बाळ यांनी त्यात भर पडते. घरात आणखी कुणाला आहे का, विचारून या.

त्यात विचारायचं काय? आईकडून आलं. गिताबाईच्या माहेरची सगळीच माणसं मला पहिल्यापासून किरकिरी वाटतात. लगेच फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडचं दुखणं आमच्या गळ्यात मारलंत. म्हणे, "माझ्या आईला नव्हतं. आम्हा तिघी बहिणींत बी कुणाला न्हाई."

खोटारडी.

१८ डिसेंबर

दत्ताला सांगितलं, सोनमला केडगावला पोचव. बरी करून पाठवा, नाहीतर ठेवून घ्या. तो बापावर गेलाय, तोंडात जीभ नाही. सोनम पिशवी भरतेय. रडत नाही, हे तर जास्तच खुपतं.

२० डिसेंबर

जाण्याआधी एकदा दवाखाना. मी स्वतः गेले. गिताबाईलाही बोलावलं. म्हटलं, डॉक्टरणीनं तिच्या तोंडावर सांगू दे. ती आपणहून तपासून घ्यायला आत गेली. नाटकी!

बाहेर येऊन डॉक्टरीण म्हणाली, "ह्यांना काही नाही." मग सोनमकडे वळली. "बापाकडूनही येऊ शकतं. त्याला स्वतःला काही होत नाही, पण लेकीत उतरतं. आजीला होतं का? सख्ख्या आत्याला?"

मी कमरेवरचा पदर घट्ट ओढून घेतला.

सोनम माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजीचं म्हाईत न्हाई, वारली ती. आन् आत्याला काय न्हाई."

डॉक्टरणीनं मान हलवली. विषय संपला. स्टँडवर गिताबाई मला म्हणते, "वन्सं, माझंच काय तरी चुकलं आसल बाळंतपणात." मी एसटीची पाटी वाचत उभी राहिले.

२१ डिसेंबर

आई बारा महिने कमरेला फडकं गुंडाळायची. वारं लागतं म्हणायची. भर वैशाखात कसलं वारं? कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला बहिणी असत्या तर कदाचित कळलं असतं. सर्जा ठणठणीत. दोन पोती खांद्यावर घेऊन जिना चढतो आणि मिशीला पीळ देतो. आपल्यातून पोरीला काय गेलं, त्या बैलाला काय कळणार!

आणि सोनमला सगळं ठाऊक आहे. माझी फडकी तीच धुते. परसात साडीच्या घडीआड वाळत घालते, वाळली की उशाखाली ठेवते. एकदाही काही विचारलं नाही. मला वाटायचं, मठ्ठ आहे, लक्षात येत नसेल.

मला झाकायला खोटं बोलली, आणि त्याच खोट्यापायी घर सोडून चाललीय. मूर्ख पोरगी. लाज वाटते मला. तिची नाही.

२३ डिसेंबर

तिची पिशवी मीच रिकामी केली. तिला घेऊन शिरूरला गेले. डॉक्टरीण म्हणाली, "सासूबाई, तुम्ही बाहेर बसा."

म्हटलं, सासू नंतरची. आधी सख्खी आत्या आहे मी तिची. मला तपासा.